'पेक्षा'चं इंग्रजी करताना: तुलनेची वाक्यं बिनचूक लिहिण्याच्या पायऱ्या

मराठी माध्यमातून इंग्रजीकडे आलेल्या माणसाला 'दॅन' माहीत असतो, 'गुड, बेटर, बेस्ट' तोंडपाठ असतं, आणि तरीही तुलनेचं वाक्य लिहायची वेळ आली की हात अडखळतो. "ही इज टॉल दॅन मी", "धिस इज मोअर ईझियर", "माय ब्रदर इज एल्डर दॅन मी" ही वाक्यं चांगली शिकलेली माणसंही सहज लिहून जातात. नियम त्यांनी वाचलेले असतात. पण तुलना करताना मराठी वाक्यातल्या एका शब्दावर भार टाकते आणि इंग्रजी दुसऱ्याच शब्दावर, हे शाळेत क्वचितच कोणी उलगडून दाखवतं. मीही याच वाटेने शिकलो. म्हणून हा लेख व्याकरणाच्या पुस्तकाच्या क्रमाने न लिहिता, मराठी डोकं जिथे जिथे अडतं त्या क्रमाने लिहिला आहे.

जवळ काय ठेवायचं

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला शब्दकोश, छापील किंवा मोबाइलवरचा. इंग्रजी-मराठी कोश इथे पुरा पडत नाही. शिकणाऱ्यांच्या कोशात विशेषणाच्या नोंदीजवळच त्याची तुलनेची रूपं दिलेली असतात.
- एक वही. तिच्यात नियम लिहू नका, पूर्ण वाक्यं लिहा.
- तुम्ही स्वतः अलीकडे इंग्रजीत लिहिलेलं काहीही: ईमेल, अर्ज, निबंध. शेवटच्या पायरीला ते लागेल.

१. आधी मराठी वाक्य उलगडा

"तो माझ्यापेक्षा उंच आहे" आणि "तो उंच आहे" ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. 'उंच' दोन्हीकडे तसाच आहे. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा' करतो, आणि तो चिकटतो ज्याच्याशी तुलना केली त्याला. इंग्रजीने हेच काम दोघांत वाटून दिलं आहे. विशेषण रूप बदलतं, 'टॉल'चं 'टॉलर' होतं, आणि मग 'दॅन' येतो. "ही इज टॉल दॅन मी" लिहिणाऱ्याला 'दॅन' लिहिल्यावर 'पेक्षा' आला, काम झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात अर्धंच काम झालेलं असतं.

क्रमही उलटा आहे. मराठीत आधी 'माझ्यापेक्षा' आणि मग 'उंच'. इंग्रजीत आधी 'टॉलर' आणि मग 'दॅन मी'. बोलताना मराठी क्रमाने विचार करत गेलं की 'दॅन' आधी ओठांवर येतो आणि विशेषण मागे राहतं. सवय लावायची असेल तर रूप बदललेलं विशेषण आधी उच्चारा, 'दॅन' आपोआप त्याच्यामागे येईल.

सर्वांत फसवी जागा मात्र वेगळी आहे. मराठीत 'पेक्षा' नसतानाही तुलना असते. "या दोघांत उंच कोण?", "यातली सोपी पद्धत कोणती?", "जरा मोठ्याने बोला." यांतल्या एकाही वाक्यात 'पेक्षा' नाही, तरी मनात दुसरी वस्तू आहेच: दुसरा माणूस, दुसरी पद्धत, आत्ताचा आवाज. इंग्रजीत इथे रूप बदलावंच लागतं. "हू इज टॉलर?", "व्हिच मेथड इज ईझियर?", "प्लीज स्पीक लाउडर." म्हणून भाषांतर करण्याआधी एकच प्रश्न विचारा: या वाक्यात दुसरी बाजू लपलेली आहे का? असेल, तर विशेषण बदलायचं.

२. 'ईआर' लावायचा की 'मोअर'?

शब्द मोठ्याने उच्चारून त्याचे उच्चाराचे तुकडे मोजा. अक्षरं मोजू नका. 'स्ट्राँग'मध्ये इंग्रजी अक्षरं बरीच आहेत, पण उच्चाराचा तुकडा एकच.

एक तुकडा असेल तर 'ईआर': 'कोल्डर', 'लाँगर', 'डीपर'. तीन किंवा अधिक असतील तर 'मोअर': 'मोअर डिफिकल्ट', 'मोअर इम्पॉर्टंट'.

दोन तुकड्यांच्या शब्दांत थोडं थांबावं लागतं. शेवटी 'वाय' असेल तर 'वाय'चा 'आय' करून 'ईआर': 'हॅपियर', 'ईझियर', 'हेवियर'. 'सिम्पल', 'नॅरो', 'क्लेव्हर', 'क्वाएट' यांना 'ईआर' चालतो आणि बहुधा तोच वापरला जातो. बाकीच्यांना 'मोअर': 'मोअर यूजफुल', 'मोअर मॉडर्न', 'मोअर फेमस'. अडलं की कोश उघडा.

थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. 'ओल्ड', 'कोल्ड', 'लाँग' हे इंग्रजीचे जुने घरचे शब्द, म्हणून त्यांना जुना प्रत्यय लागतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच व लॅटिनमधून लांबलचक शब्द इंग्रजीत आले. 'इम्पॉर्टंट', 'कम्फर्टेबल', 'इंटेलिजंट' हे त्या कुळातले. त्यांच्यापुढे 'मोअर' लागतो. हा कडक नियम नाही, पण नवा शब्द भेटला की अंदाज बांधायला मदत होते.

या पायरीवरचे सापळे:

- 'मोअर' आणि 'ईआर' एकत्र. 'मोअर बेटर', 'मोअर टॉलर', 'मोअर ईझियर' ही सगळी चूक. मराठीत आपण 'जास्त सोपं' म्हणतो, त्या 'जास्त'चा 'मोअर' होतो आणि वर 'ईआर'ही लागतो. दोन्हींतलं एकच ठेवा.
- 'बोअर्ड', 'टायर्ड'सारखे शब्द. उच्चार छोटा असला तरी ही क्रियापदापासून बनलेली विशेषणं आहेत. 'मोअर टायर्ड', 'मोअर बोअर्ड' म्हणायचं. 'फन'चंही 'मोअर फन' होतं.
- स्पेलिंग. 'बिग', 'हॉट', 'थिन' यांच्यासारख्या शब्दांत शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असतो, तिथे शेवटचं अक्षर दोनदा लिहितात: बी-आय-जी-जी-ई-आर. 'लो'च्या शेवटच्या 'डब्ल्यू'ला हे लागू नाही.
- क्रियाविशेषणं. 'एलवाय'ने संपणाऱ्यांना 'मोअर': 'मोअर स्लोली', 'मोअर क्लिअरली'. पण 'फास्ट', 'हार्ड', 'अर्ली' यांची रूपं 'फास्टर', 'हार्डर', 'अर्लियर' अशी होतात. "ही रन्स मोअर फास्ट" म्हणू नका.

३. नियमाबाहेरची मोजकी रूपं

ही पाठच करा, दुसरा उपाय नाही. 'गुड' आणि 'वेल' दोघांचं 'बेटर, बेस्ट'. 'बॅड'चं 'वर्स, वर्स्ट'. 'मेनी' आणि 'मच'चं 'मोअर, मोस्ट'. 'लिटल'चं 'लेस, लीस्ट'. 'फार'चं 'फार्दर' किंवा 'फर्दर'. अंतरासाठी दोन्ही चालतात, पण 'आणखी, पुढची' या अर्थी फक्त 'फर्दर', जसं 'फर्दर इन्फर्मेशन'.

'एल्डर'बद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे थोरला-धाकटा हा फरक महत्त्वाचा, म्हणून हा शब्द आपण सारखा वापरतो. 'माय एल्डर सिस्टर' बरोबर आहे. 'दॅन' आला की मात्र 'एल्डर' चालत नाही: "माय सिस्टर इज ओल्डर दॅन मी."

'कमी' या एका मराठी शब्दासाठी इंग्रजीत निदान तीन शब्द आहेत. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर': 'फ्यूअर मिस्टेक्स'. मोजता न येणाऱ्यांसाठी 'लेस': 'लेस टाइम', 'लेस वॉटर'. तापमान, वेग, पातळी अशा वर-खाली होणाऱ्या गोष्टींसाठी 'लोअर': 'अ लोअर टेम्परेचर'. बोलण्यात 'फ्यूअर'च्या जागी 'लेस' सर्रास ऐकू येतो, पण परीक्षेत आणि अर्जात फरक पाळा.

४. दोन्ही बाजू एकाच जातीच्या ठेवा

माझ्या मते ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण इथली चूक विशेषणाचं रूप बरोबर असूनही होते.

मराठीत आपण म्हणतो, "चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा कमी आहे." अर्थ कळतो, कुणालाही खटकत नाही. याचं सरळ इंग्रजी "द मून्स ग्रॅव्हिटी इज वीकर दॅन द अर्थ" असं होतं, आणि त्यात गुरुत्वाकर्षणाची तुलना थेट पृथ्वी नावाच्या गोळ्याशी होते. लिखित इंग्रजीत दोन्ही पारड्यांत गुरुत्वाकर्षणच हवं. ते तीन तऱ्हांनी आणता येतं:

- "द मून्स ग्रॅव्हिटी इज वीकर दॅन द अर्थ्स." मालकीचा 'एस' लावला की पुढचा शब्द गाळता येतो.
- "द ग्रॅव्हिटी ऑफ द मून इज वीकर दॅन दॅट ऑफ द अर्थ."
- नाम अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ': "द विंटर्स ऑफ द नॉर्थ आर लाँगर दॅन दोज ऑफ द साउथ."

जागा-वेळ सांगतानाही असंच. "आज कालच्यापेक्षा जास्त गरम आहे" हे "इट इज हॉटर टुडे दॅन इट वॉज यस्टरडे." इथे 'इट वॉज' गाळलं तरी चालतं.

'दॅन मी' की 'दॅन आय' हा वाद जुना आहे. रोजच्या बोलण्यात-लिहिण्यात 'दॅन मी' पूर्णपणे रुळलेलं आहे. फार औपचारिक लिहायचं असेल तर क्रियापदासह 'दॅन आय अ‍ॅम' लिहा. पण एक वाक्य सांभाळा: "शी लाइक्स यू मोअर दॅन मी." ती माझ्यापेक्षा तुला जास्त पसंत करते, की माझ्या मनात तुझ्याबद्दल जितकी आवड आहे त्याहून जास्त तिच्या मनात आहे? दुसरा अर्थ हवा असेल तर "दॅन आय डू" लिहिलंच पाहिजे.

५. 'सगळ्यांपेक्षा' आणि 'सगळ्यांत' वेगळे ठेवा

"एव्हरेस्ट सगळ्या शिखरांपेक्षा उंच आहे." मराठीत चालून जातं. इंग्रजीत "हायर दॅन ऑल पीक्स" किंवा "हायर दॅन एनी पीक" म्हटलं, तर एव्हरेस्ट स्वतःही शिखरच असल्यामुळे ते स्वतःपेक्षाही उंच ठरतं. 'अदर' घालून त्याला त्या घोळक्यातून बाहेर काढावं लागतं: "एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर माउंटन." लक्षात ठेवा, 'एनी अदर'नंतर एकवचन आणि 'ऑल अदर'नंतर अनेकवचन.

'सगळ्यांत उंच' असेल तर 'द' आणि 'ईएसटी': "एव्हरेस्ट इज द हायेस्ट माउंटन इन द वर्ल्ड." हा 'द' विसरण्याचं प्रमाण फार मोठं आहे, कारण मराठीत त्याला जोडीच नाही. त्यानंतर जागा किंवा गट असेल तर 'इन', माणसं किंवा वस्तूंची यादी असेल तर 'ऑफ': 'इन द क्लास', 'ऑफ ऑल द प्लॅनेट्स'.

दुसरा क्रमांक सांगताना मराठीत आपण "दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर" म्हणतो. इंग्रजीत तिथेही 'ईएसटी'च लागतो: "केटू इज द सेकंड हायेस्ट माउंटन."

आणि 'वन ऑफ द'. यानंतर नाम नेहमी अनेकवचनी. "कांचनजंगा इज वन ऑफ द हायेस्ट माउंटन्स." मराठीत "सर्वांत उंच शिखरांपैकी एक" म्हणताना अनेकवचन येतंच, तरी इंग्रजीत 'माउंटन' लिहिलं जातं. क्रियापद मात्र 'वन'प्रमाणे एकवचनी: "वन ऑफ द बेस्ट मेथड्स इज रीडिंग अलाउड."

दोनच वस्तू असतील तर 'ईएसटी' नको, 'द' आणि 'ईआर': "द टॉलर ऑफ द टू."

६. फरक किती, ते सांगा

"खूप उंच"चं 'व्हेरी टॉल' होतं, म्हणून "खूपच जास्त उंच"चं 'व्हेरी टॉलर' होईल असं वाटतं. होत नाही. 'ईआर' किंवा 'मोअर'च्या आधी 'व्हेरी' कधीच येत नाही. मोठा फरक असेल तर 'मच', 'फार', 'अ लॉट'. छोटा असेल तर 'अ लिटल', 'अ बिट', 'स्लाइटली'. "त्याहूनही" म्हणायचं असेल तर 'ईव्हन'. "मर्क्युरी इज व्हेरी हॉट, बट व्हीनस इज ईव्हन हॉटर." हे वाक्य खरंही आहे. बुध सूर्याला अधिक जवळ असूनही दाट वातावरणामुळे शुक्राचा पृष्ठभाग जास्त तापतो, सुमारे ४६५ अंश सेल्सिअसपर्यंत.

नेमका आकडा द्यायचा असेल तर तो विशेषणाच्या आधी ठेवा. केटूची उंची ८,६११ मीटर आणि कांचनजंगाची ८,५८६ मीटर. मराठीत "२५ मीटरने उंच". इंग्रजीत 'बाय' वापरून "हायर बाय २५ मीटर्स" चालतं, पण सहज इंग्रजी आहे ते "केटू इज २५ मीटर्स हायर दॅन कांचनजंगा."

'पट' सांगायची असेल तर 'ईआर' सोडा आणि पुढच्या पायरीवर या.

७. 'इतका-तितका': 'अ‍ॅज... अ‍ॅज'

दोन 'अ‍ॅज'च्या मध्ये विशेषण मूळ रूपातच. 'अ‍ॅज टॉलर अ‍ॅज' ही चूक 'टॉलर'ची सवय लागल्यावर हमखास सुरू होते, तेव्हा जपा. नकारात 'नॉट अ‍ॅज... अ‍ॅज' किंवा 'नॉट सो... अ‍ॅज'. "हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही": "धिस क्वेश्चन इज नॉट अ‍ॅज डिफिकल्ट अ‍ॅज इट लुक्स." पहिला 'अ‍ॅज' खाऊ नका.

पट आधी, मग 'अ‍ॅज'. "ज्युपिटर इज अबाउट इलेव्हन टाइम्स अ‍ॅज वाइड अ‍ॅज द अर्थ." दुप्पट म्हणजे 'ट्वाइस अ‍ॅज', निम्मं म्हणजे 'हाफ अ‍ॅज'. 'ट्वाइस बिगर' लिहू नका.

'सेम'बरोबर एकच 'अ‍ॅज': 'द सेम अ‍ॅज'. 'अ‍ॅज सेम अ‍ॅज' असं काही नसतं.

८. 'जितकं... तितकं'

इथे मराठी आपल्या मदतीला येते, कारण दोन्ही भाषांत जोडी आहे. 'जितकं'लाही 'द' आणि 'तितकं'लाही 'द', दोघांनंतर तुलनेचं रूप: "द मोअर यू रीड, द बेटर यू राइट." दोन्ही 'द' हवेतच. मध्ये 'दॅट मच' घालू नका. आणि नाम असेल तर ते 'मोअर'ला चिकटून ठेवा: "द मोअर बुक्स यू रीड". "द मोअर यू रीड बुक्स" म्हटलं की पुस्तकांच्या संख्येचा अर्थ निघून जातो.

'दिवसेंदिवस वाढत जाणारं' असेल तर रूप दोनदा: 'हॉटर अँड हॉटर'. 'मोअर'वाला शब्द असेल तर फक्त 'मोअर' दोनदा: 'मोअर अँड मोअर डिफिकल्ट'.

९. जिथे 'दॅन' चालत नाही

'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर', 'प्रायर' हे लॅटिनमधून आलेले शब्द मुळातच तुलनेच्या रूपात आहेत. म्हणून त्यांना 'मोअर' लावत नाहीत आणि पुढे 'दॅन'ऐवजी 'टू' येतो: "शी इज सीनियर टू मी." 'प्रिफर'लाही 'टू': "आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग." पण 'वुड रॅदर'ला 'दॅन', आणि दोन्हीकडे मूळ क्रियापद: "आय वुड रॅदर वॉक दॅन ड्राइव्ह." "गाडीने जाण्यापेक्षा चाललेलं बरं" या धर्तीच्या मराठी वाक्यासाठी हीच रचना.

'दॅन'चं स्पेलिंगही इथेच पक्कं करा. तुलनेचा तो टी-एच-ए-एन. 'मग, नंतर' या अर्थाचा टी-एच-ई-एन. दोन्ही खरे शब्द असल्यामुळे मोबाइलची स्पेलिंग तपासणी ही चूक बऱ्याचदा सोडून देते.

'युनिक', 'परफेक्ट' यांना 'मोअर' लावू नये असं शिकवतात. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतच 'अ मोअर परफेक्ट युनियन' असे शब्द आहेत, त्यामुळे नियम वाटतो तितका पोलादी नाही. परीक्षेत मात्र पाळा.

१०. डिग्री बदलण्याचा प्रश्न

शाळेत आणि स्पर्धा परीक्षांत हा येतोच. अर्थ न बदलता एकच गोष्ट तीन रूपांत:

- "एव्हरेस्ट इज द हायेस्ट माउंटन."
- "एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी अदर माउंटन."
- "नो अदर माउंटन इज अ‍ॅज हाय अ‍ॅज एव्हरेस्ट."

'वन ऑफ द' असेल तर साखळी बदलते: "वन ऑफ द हायेस्ट" चं "हायर दॅन मोस्ट अदर माउंटन्स" आणि "व्हेरी फ्यू माउंटन्स आर अ‍ॅज हाय अ‍ॅज". इथे 'एनी अदर' वापरलं तर अर्थ बदलतो आणि गुण जातात.

११. आता स्वतःचं लिखाण तपासा

सुरुवातीला बाजूला ठेवलेला मजकूर घ्या. त्यातला प्रत्येक 'दॅन' शोधा आणि त्याच्या डावीकडे बघा: 'ईआर', 'मोअर', 'लेस' किंवा नियमाबाहेरचं रूप आहे का? मग उजवीकडे बघा: दोन्ही बाजू एकाच जातीच्या आहेत का? नंतर प्रत्येक 'मोस्ट' आणि 'ईएसटी'च्या आधी 'द' आहे का ते पाहा. 'माय बेस्ट फ्रेंड'सारखं मालकी दाखवणारं काही असेल तर 'द' लागत नाही.

हात बसवण्यासाठी ही वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, खालची उत्तरं झाकून ठेवा.

क) "गोल्ड इज मोअर हेवियर दॅन आयर्न."
ख) "द वॉटर ऑफ द सी इज सॉल्टियर दॅन द रिव्हर."
ग) "लाइट ट्रॅव्हल्स व्हेरी फास्टर दॅन साउंड."
घ) "ज्युपिटर इज बिगर दॅन एनी प्लॅनेट इन द सोलर सिस्टिम."
च) "मोअर यू प्रॅक्टिस, मोअर यू इम्प्रूव्ह."
छ) "ऑफ द टू रोड्स, धिस इज द शॉर्ट."

उत्तरं: क) 'मोअर' काढा. ख) 'दॅन दॅट ऑफ द रिव्हर'. ग) 'व्हेरी'च्या जागी 'मच'. घ) 'एनी अदर प्लॅनेट'. च) दोन्ही 'मोअर'च्या आधी 'द'. छ) 'द शॉर्टर'. या शेवटच्या वाक्यात अडखळला असाल तर पहिली पायरी पुन्हा वाचा. मराठीत "या दोन रस्त्यांतला जवळचा हा" म्हणताना 'पेक्षा' कुठेच दिसत नाही, तरी दुसरा रस्ता वाक्यात आहेच.